दुसऱ्या ओळीतली फुली

उज्वलाताई झाडे तशा घाबरट नाहीत. एका पावसाळ्यात त्यांच्या शाळेत तांदळाच्या कोठीत घोणस निघाली. पोरं ओरडत मैदानात पळाली, स्वयंपाक करणारी बाई खुर्चीवर चढून बसली. ताईंनी लांब बांबूनं ते जनावर पोत्यांमागून काढलं, कुंपणापलीकडे सोडलं, हात धुतले आणि पहिलीच्या वर्गाची बाराखडी पुढं घेतली.

वडनेरहून आत जाणाऱ्या रस्त्यावर ते गाव आहे. दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग, सत्तावीस पोरं. आमच्याकडे दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र असतं. मी त्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत शिकवते. यातलं काही मी स्वतः पाहिलं. बाकीचं ताईंनी मला नंतर सांगितलं, हिंगणघाटच्या बसस्टँडवर, गाडीची वाट पाहताना. सांगतानाही त्यांचा आवाज मधेच बारीक होत होता.

त्यांना भीती वाटायची ती दोन अंकी गुणाकाराची. ऐकल्यावर मला हसू आलं होतं. मग त्यांनी पुढचं सांगितलं आणि माझं हसू गेलं.

त्यांचं बालपण रोहण्याकडच्या एका खेड्यात गेलं. चौथीत असताना जेवणाच्या सुट्टीनंतर गुरुजींनी त्यांना फळ्यावर बोलावलं आणि ४७ गुणिले ३८ दिलं. उज्वलानं आठनं गुणलं, ३७६ लिहिलं. त्याखाली तीननं गुणून १४१ लिहिलं, अगदी सरळ, आकड्याखाली आकडा. बेरीज केली, ५१७.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

तिनं पुसून पुन्हा केलं. पुन्हा ५१७. गुरुजी चिडले नाहीत, छडीही उचलली नाही. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत राहिले आणि दर वेळी मान वर न करता म्हणत राहिले, "पुन्हा." मागं वर्ग आधी हसला, मग कंटाळला, मग शेवटच्या घंटेची वाट पाहत गप्प बसला. सहाव्या की सातव्या वेळी फ्रॉक ओला झाल्याचं तिला कळलं. खाली पाहायची हिंमत झाली नाही. ती फळ्याकडे तोंड करून घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली.

घरी तिनं सांगितलं नाही. पुढं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

डी.एड. करताना त्यांनी रीत पाठ केली. आधी एककानं गुणायचं, दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी फुली मारायची, मग दशकानं गुणायचं, मग बेरीज. फुली का मारायची, हे कोणाला विचारलं नाही. विचारलं की माणसं मान वर करून आपल्याकडे पाहतील, एवढंच त्यांना वाटायचं. नोकरी लागली. बावीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरी घेतली, आणि फार छान घेतली. त्यांच्या हातची पोरं पहिलीच्या दिवाळीत वाचायला लागतात, हे आमच्या केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरी-चौथी रूपराव सर पाहायचे. त्याबदल्यात शाळेची सगळी कागदपत्रं, ऑनलाइन माहिती, पालकसभा ताई एकट्या करायच्या. सरांना वाटायचं, बाई कामाला वाघ आहे.

गेल्या वर्षी जुलैत रूपराव सरांची गाडी घसरली. मांडीच्या हाडात प्लेट बसवावी लागली आणि सर सहा-सात महिने घरी. बदली शिक्षक आला नाही. चारही वर्ग ताईंकडे आले.

चौथीत सहा पोरं होती. ताईंनी भूमिती घेतली, घड्याळ घेतलं, कॅलेंडर घेतलं. गुणाकाराचा धडा त्या पानं उलटून पुढं ढकलत राहिल्या. सकाळी शाळेचं कुलूप काढताना पोटात कळ यायची. एकदा धीर करून एक उदाहरण फळ्यावर घेतलं, पण उत्तर आधीच मोबाइलवर काढून तळहातावर पेनानं लिहिलेलं होतं. घामानं ते पुसलं. तेव्हा त्यांनी "बाकीचं घरी करून आणा" म्हणून वर्ग सोडला आणि कार्यालयाचं दार लावून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रप्रमुख प्रभाकररावांचा संदेश ग्रुपवर आला. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद होते आणि त्यात एक जण सगळ्यांसमोर पोरांना शिकवून दाखवतो. त्याला नमुना पाठ म्हणतात. संदेशात लिहिलं होतं, परिषद झाडे मॅडमच्या शाळेत, नमुना पाठ झाडे मॅडम, इयत्ता चौथी, दोन अंकी संख्येने गुणाकार.

आम्ही सगळ्यांनी सवयीनं ग्रुपवर होकाराचे अंगठे टाकले. मीही टाकला.

ताईंनी तो संदेश स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. गॅसवरची भाजी लागली तरी त्यांना वास आला नाही. त्यांचे यजमान धनंजयराव कापसाच्या जिनिंगमधून कामावरून आले, त्यांनी गॅस बंद केला.

"काय झालं व?"

"मले नाई होत जी. मी रजा टाकतो."

"मंग टाक मेडिकल. त्याच्यात काय येवढं?"

त्या रात्री त्यांनी अर्ज लिहिला, ताप असल्याचा. सकाळी पर्समध्ये घातला. पण मेडिकल दिली तर पाठ पुढच्या महिन्यावर जाईल, टळणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. मग दुसरा मार्ग सुचला. पोरांकडून रीत इतकी घोटून घ्यायची की त्या दिवशी ती घड्याळासारखी चालतील आणि मॅडमला बोलायची गरजच पडणार नाही. आठ दिवस होते.

सहाही पोरं पाढ्यासारखं म्हणू लागली. एककानं गुण, फुली मार, दशकानं गुण, बेरीज कर. शाळेबाहेर जाणाऱ्याला ते कवितेसारखं ऐकू यायचं. सुरभी नावाची एक मुलगी सोडून सगळ्यांना ते जमलं. सुरभी नऊ वर्षांची, किडकिडीत. तिला म्हणता यायचं, पण म्हणताना मधेच थांबायची.

"मॅडम, फुली काऊन मारतो?"

पहिल्या दिवशी ताईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तशी रीतच असते." तिसऱ्या दिवशी सुरभीनं पुन्हा हात वर केला. "मॅडम, नाईच मारली तं काय होते?"

ताईंचे कान गरम झाले. हीच पोरगी तीस शिक्षकांसमोर हाच प्रश्न विचारणार. प्रभाकरराव चष्मा खाली करून म्हणणार, "छान प्रश्न. सांगा मॅडम." ते सगळं त्यांना समोर दिसलं.

"ये," त्या म्हणाल्या. "ये फळ्यावर. अन नाई मारून दाखव."

३४ गुणिले २६. सुरभीनं २०४ लिहिलं. खाली ६८ लिहिलं, आकड्याखाली आकडा. २७२.

"बरोबर हाये?"

सुरभी फळ्याकडेच पाहत राहिली.

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. फुलीशिवायच, कारण मॅडमनीच तसं सांगितलं होतं.

"पुन्हा."

"तो शब्द माह्या तोंडातून चार वेळा गेला," ताई मला म्हणाल्या. "चौथ्या वेळी मले आवाज ओळखू आला. माहा नव्हता तो."

त्यांनी पोरीकडे पाहिलं. सुरभी फळ्याला नाक लागेल इतकी जवळ उभी होती. तिच्या पायाशी फरशी ओली झाली होती. मागं गुंजन नावाची मुलगी आधी फिसकन हसली आणि मग मॅडमचा चेहरा पाहून तिनं तोंडावर हात ठेवला.

ताई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. सुरभीनं खडू ठेवला, दप्तर उचललं आणि भिंतीला धरून धरून बाहेर गेली. ताईंनी बाकीच्या पोरांना मैदानात पाठवलं आणि फरशी स्वतः पुसली.

दुसऱ्या दिवशी सुरभी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की ताईंना वाटायचं, तिच्या घरचे आले. मोबाइल वाजला की वाटायचं, तक्रार गेली, आता पंचायत समितीतून बोलावणं. वर्गात त्या खुर्चीवरून उठेनाशा झाल्या. पण खरी भीती तक्रारीची नव्हती. पोरगी घरी काहीच सांगणार नाही, जसं आपण सांगितलं नव्हतं, आणि ते पुढं तिच्यासोबत राहील, ही ती भीती.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या तिच्या घरी गेल्या. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, सगळे नाल्याकाठच्या वावरात आहेत, वांग्याची लागवड आहे. सुरभीचे आईवडील बुटीबोरीला कंपनीत कामाला, रविवारी येतात. पोरगी आजी-आजोबांकडे. चंद्रभान आणि मनकर्णाबाई भाजीपाला करतात आणि वडनेरच्या बाजारात बसतात.

बांधावरून चालताना ताई दोनदा थांबल्या. एकदा तर वळल्याही. चंद्रभानचा स्वभाव तापट, हे गावात कोणालाही विचारलं तरी कळलं असतं.

उन्हं उतरली होती. चंद्रभान ओणवं होऊन रोपं लावत होता. सुरभी त्याला रोपांच्या जुड्या आणून देत होती. मॅडम दिसल्याबरोबर तिनं हातातली जुडी टाकली आणि मोटरपंपाच्या खोपटामागं गेली.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोट्टी ताप हाये म्हंते. आंग तं थंडं हाये. काय झालं वो मॅडम शाळेत? विचारलं तं बोलत नाई."

म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. ताई मला म्हणाल्या, "खोटं नाई सांगत, आधी मले सुटल्यासारखं वाटलं. 'काई नाई आजी, पाठवून द्या उद्या,' असं म्हणून मी वापस येऊ शकली असती."

त्यांनी तोंड उघडलं तेव्हा निघालं वेगळंच. "माह्यानं झालं आजी. तिले येत नव्हतं, तरी मी तिले फळ्यावर उभं ठेवलं. तिचा फराक ओला झाला. पोरं हासले."

मागं चंद्रभानची कंबर सरळ झाली. "मारलं का?"

"नाई आबाजी. हात नाई लावला. पण मारल्यापरस वाईट केलं."

तो हातातल्या रोपाच्या मुळाची माती चोळत राहिला. बोलली मनकर्णाबाई, आणि तिचा आवाज चांगलाच चढलेला होता. "मंग आमाले काऊन सांगता? तिले सांगा न! ते पाहा, तिकडं बसली."

खोपटामागं सुरभी गुडघ्यात मान घालून बसली होती. ताई तिच्याशेजारी मातीत बसल्या आणि त्यांनी तिला रोहण्याकडची ती दुपार सांगितली. गुरुजी, वर्तमानपत्र, फ्रॉक, सगळं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका नऊ वर्षांच्या पोरीला.

सुरभीनं मान वर केली. "मंग तुमाले कोनं सांगतलं, फुली काऊन मारते ते?"

"कोनंच नाई. मले आजबी माहीत नाई."

पोरगी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मॅडमला येत नाही, हे तिच्या डोक्यात बसत नसावं. तेवढ्यात वावरातून चंद्रभानची हाक आली, "सुरभे! जुड्या पुरते का पाह्य. चोवीस ओळी हायेत, ओळीले तेरा रोपं!"

सुरभी उठली नाही. तेव्हा म्हातारा स्वतःशीच मोठ्यानं मोजू लागला. त्याच्या जुड्या दहा-दहा रोपांच्या बांधलेल्या होत्या. "ओळीले एक जुडी अन वरते तीन सुटे. चोवीस ओळीच्या चोवीस जुड्या. सुटे तीन-तीन, ते बहात्तर. त्याच्या सात जुड्या अन दोन रोपं. म्हंजे एकतीस जुड्या अन दोन."

ताईंनी जवळची काडी उचलली आणि ओल्या मातीत २४ गुणिले १३ मांडलं. तीननं गुणलं, ७२ लिहिले. खाली २४ लिहायला हात गेला आणि थांबला.

"सुरभी, हे चोवीस काय हायेत? रोपं?"

"नाई. जुड्या."

"मंग याच्यात सुटे रोपं किती?"

"सुटे कुठून आले मॅडम? जुड्याच हायेत न त्या." पोरीनं काडी त्यांच्या हातातून घेतली. २४ एक घर डावीकडे सरकवून लिहिले आणि एककाच्या रिकाम्या जागी फुली मारली. मग दोघींनी बेरीज केली. तीनशे बारा. एकतीस जुड्या आणि दोन.

बावीस वर्षं ताई पहिलीच्या पोरांना दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला शिकवत होत्या. गठ्ठा एका घरात, सुट्या काड्या दुसऱ्या घरात. तेच होतं हे.

"तुम्हाला आनंद झाला असेल," मी म्हटलं.

"आनंद कायचा?" त्या म्हणाल्या. "मले राग आला. येवढुसं होतं, अन मी जिंदगीभर भेत राह्यली."

दुसऱ्या दिवशी सुरभी शाळेत आली आणि दाराजवळ बसली. ताईंनी फळ्याला हात लावला नाही. सहाही पोरांना मैदानात नेलं, तुरीच्या जुन्या काड्या दिल्या आणि जुड्या बांधायला लावल्या. ती जुनी कविता बंद झाली. नवी रीत पोरांच्या अंगात मुरायला दोनच दिवस मिळाले. दोन दिवसांत काय मुरणार?

परिषदेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. पोरं पुढं सतरंजीवर, मागं आम्ही तीसेक शिक्षक, खिडकीपाशी प्रभाकरराव वही उघडून. ताई आल्या तेव्हा मला वाटलं यांना खरंच ताप आहे. ओठ पांढरे होते. पहिल्याच अक्षराला खडू मोडला. दुसरा उचलला, तोही मोडला.

त्यांनी ३६ गुणिले १४ घेतलं. पोरांनी जुड्या मांडल्या, सुट्या काड्या मांडल्या. चारनं गुणून १४४. मग दुसरी ओळ.

"हे छत्तीस काय हायेत?"

"जुड्या!" पाच पोरं ओरडली. सुरभी ओरडली नाही.

"अन सुट्या?"

"नाईत!"

ताईंनी फुली मारली आणि डावीकडे ३६ लिहिले. माझ्या शेजारचे अश्विन सर हळूच म्हणाले, "अरे वा." मीही तेव्हाच मनात म्हटलं, असं आहे होय. पंधरा वर्षं मी फुली मारत होते.

मग बेरीज. ताईंनी लिहिलं, ४०४.

हातचा राहिला. कोणाच्याही हातून होतं. पण मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, दुसरं कोणीतरी हसलं. ताई वळल्या नाहीत. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पाठीवरचा ब्लाउज ओला होत जाताना मी पाहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मला ते पाहवेना, आणि उठून काही बोलायचं धाडसही होईना.

काड्यांच्या ढिगाशी गुंजन पुटपुटत मोजत होती. ती एकदम म्हणाली, "मॅडम, छत्तीस अन चौदा पन्नास जुड्या होते. तुमी चाळीसच लिवल्या."

ताईंनी हळूच मान वळवली. खाली बसल्या, गुंजनसोबत जुड्या मोजल्या, उठून ५०४ केले. पाठ संपला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं खिचडीला गेली.

प्रभाकररावांनी चष्मा खाली केला. "मॅडम, बेरीज चुकली होती."

"हो सर."

"मुद्दाम चुकवली ना? पोरांनी शोधावी म्हणून?"

त्यांनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तर सरांनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलं असतं. ताईंनी पदराच्या टोकाची बोटाभोवती गुंडाळी केली.

"नाही सर. भीतीनं चुकली. मला या गुणाकाराची भीती वाटते. फुलीचं कारण मला परवा-परवा कळलं, या पोरांसोबत."

प्रभाकरराव वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जेवून घ्या मॅडम," आणि वही मिटली. त्यांनी काय लिहिलं हे आम्हाला कधी कळलं नाही. अश्विन सर मात्र जेवताना ताईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्या काड्या दोन आठवड्यांसाठी मागून घेऊन गेले.

सुरभीनं त्या दिवशी तोंड उघडलं नाही, नंतरही बरेच दिवस नाही. वहीत गणितं करायची, हाताआड लपवून. जानेवारीत एकदा ती स्वतःहून फळ्याशी गेली, पण अट घालून. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. सगळे बसले, ताईसुद्धा. गणित बरोबर आलं होतं की नाही, हे मी विचारलं. ताई म्हणाल्या, "आम्ही वळून पाहायच्या आधीच तिनं पुसलं."

फेब्रुवारीत रूपराव सर काठी टेकत कामावर आले. जुन्या वाटणीप्रमाणे त्यांनी चौथीचं गणिताचं पुस्तक उचललं. ताईंनी ते त्यांच्या हातातून परत घेतलं.

"राहू द्या माह्याकडं."

"तुमालेच तं भेव लागत होतं म्हणे मॅडम."

"लागते न. आजबी सकाळी पोट दुखलं."

सरांनी त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "अन भागाकार?"

ताईंनी पुस्तक आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याले अजून पंधरा दिवस हायेत."